घरची बोली आणि शाळेची भाषा
(व्याख्यानाचा मजकूर)



आरोंदा गावाला लागून तेरेखोल नदी वाहते. पलीकडच्या तीरावर गोव्याच्या पेडणे तालुक्यातील किरणपाणी. अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होता. पुढे तो पोर्तुगीजांकडे गेला आणि नदी हीच सरहद्द झाली. तरीही बोलणे तुटले नाही. दोन्ही तीरांवरील वृद्ध मंडळी एकमेकांची विचारपूस करताना दुभाष्या शोधीत नाहीत. त्यांची नातवंडे शाळेत गेली, की मात्र निराळाच प्रकार घडतो. पलीकडे कोकणी ही १९८७ पासून राजभाषा आहे, १९९२ पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे आणि तिची पाठ्यपुस्तके आहेत. अलीकडे तिच्याशी सख्खे नाते सांगणारी मालवणी ही दप्तरी केवळ 'बोली'. तिला पुस्तक नाही, फळ्यावर जागा नाही आणि पुष्कळदा वर्गात शिरण्याची परवानगीही नाही.

पहिलीत आलेल्या बालकाचे काय होत असेल, याचा विचार करावा. घरी त्याने 'खंय', 'कित्याक', 'माका', 'तुका' एवढ्या शब्दांवर सारे जग तोलून धरलेले असते. पुस्तकात चेंडूचे चित्र असते. गुरुजी 'चेंडू' म्हणतात आणि बालकाच्या कानी येते 'चेडू', म्हणजे मुलगी! अशा वेळी चतुर बालक हसते. भित्रे बालक गप्प होते. प्रश्न आहे तो या गप्प होणाऱ्या बालकाचा. त्याला समजत नाही असा शेरा लवकर बसतो आणि तो पुसला जाण्यास वर्षे लागतात. त्याहून दुर्दैवाची गोष्ट अशी, की आई-वडीलच "नीट बोल" म्हणून त्याला घरीही दटावू लागतात. शाळेची भाषा अजून आलेली नाही आणि घरची हिरावली गेली, अशी दुहेरी नुकसानी त्या जिवाच्या वाट्याला येते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. म्हणजे सहा वर्षांच्या बालकापुढे मालवणी, प्रमाण मराठी आणि इंग्रजी अशा तीन पायऱ्या एकदम येतात. कर्नाटकातून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची आणि आंब्याच्या बागांत राखणीस राहिलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले तर मालवणीदेखील नव्यानेच ऐकत असतात.

यावर उपाय काय? वेल्स या छोट्या देशातही घरी एक भाषा व शाळेत दुसरी अशीच ओढाताण होती. तेथील शिक्षणतज्ज्ञ केन विल्यम्स यांनी १९९४ च्या आपल्या प्रबंधात एक साधी रीत मांडली. एका भाषेत वाचावे, दुसरीत त्याविषयी बोलावे वा लिहावे. दोन्ही भाषांना एकाच वेळी कामाला लावावे. 'ट्रान्सलँग्वेजिंग' या भारदस्त नावाने ही रीत पुढे जगभर गेली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही, शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे आणि जेथे घरची भाषा निराळी आहे तेथे शिक्षकांनी द्विभाषिक पद्धत वापरावी, असे म्हटले आहे.

नाव नवे असले तरी व्यापारी समाजाला ही रीत परकी नाही. दुकानाच्या गादीवर बसलेला गृहस्थ घरात मारवाडी किंवा गुजराती बोलतो, गिऱ्हाइकाला ताका उलगडून दाखविताना मालवणी बोलतो, सुरतेच्या आडत्याशी फोनवर हिंदी बोलतो आणि कराचे विवरणपत्र इंग्रजीत भरतो. एका तासात चार भाषा होतात आणि कोणतीच दुसरीला बाटवीत नाही. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाच्या कार्याची नोंद कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत वाचता यावे, एवढाच त्यामागचा हेतू असावा. पेढीवर जे चालते, तेच पहिलीच्या वर्गात अशुद्ध का ठरावे?

या कामी चित्राइतका चांगला सोबती नाही, कारण चित्राला स्वतःची भाषा नसते. बाजाराचे किंवा पावसाळी अंगणाचे मोठे चित्र वर्गात लावावे आणि मुलांना काय दिसते ते बोलू द्यावे. एखादी मुलगी म्हणेल, "आवशीन माका बोलावल्यान." गुरुजींनी ते तसेच फळ्यावर लिहावे. शेजारी लिहावे, "आईने मला बोलावले." मग मुलांनाच विचारावे, फरक कोठे आहे? मालवणीत करणाऱ्याची खूण क्रियापदाच्या शेपटाशीही लागते, प्रमाण मराठीत ती लागत नाही. मालवणीला व्याकरण नाही असे म्हणणाऱ्यांनी या एका 'ल्यान'कडे पाहावे. वर्गाला मात्र व्याकरणाचे नाव न घेता दोन्ही भाषांचे व्याकरण कळून जाते.

सिंधुदुर्ग जिल्ह्याला तर हे बाहेरून आणावयासही नको. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथी परंपरा पिढ्यान् पिढ्या सांभाळली. कागदावर रंगविलेली रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरावयाची आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगावयाची. चित्रांच्या एका संचाला ते 'पोथी'च म्हणतात. सचित्र पुस्तक म्हणजे दुसरे काय? या परंपरेसाठी आणि कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळासाठी झटणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

दशावताराचेही तसेच. त्यातील संवाद लिहिलेले नसतात. नट ते रंगमंचावर रचतो. राजे आणि देव भारदस्त संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात, संकासूर मालवणीत टोले हाणतो आणि समोर बसलेल्या पोराला दोन्हींतले सारे उमगते. भारदस्त मराठीचे पहिले धडे कोकणातल्या कित्येक निरक्षर माणसांनी देवळासमोरच्या त्या मांडवातच घेतले आहेत. शाळेने या गुरूकडे पाहू नये, याचे नवल वाटते.

इतरत्र असे पाहिले गेले आहे. पालघर जिल्ह्यात, वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणारी 'क्वेस्ट' ही संस्था 'गोष्टरंग' या उपक्रमात आश्रमशाळांतील मुलांसमोर बालपुस्तकांतील गोष्टी नाट्यरूपाने सादर करते. आधी गोष्ट पाहिली, की तीच गोष्ट पुस्तकात शोधताना अक्षरांचे भय उरत नाही. मराठीत माधुरी पुरंदरे यांनी 'चित्रवाचन' हे पुस्तकच चित्रे वाचावयास शिकविण्यासाठी दिले. 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य खुल्या केल्या आहेत. तेथे एकच गोष्ट मराठीत, कोकणीत वा कन्नडमध्ये शोधून शेजारी-शेजारी ठेवता येते.

एक आक्षेप रास्त आहे. परीक्षेची उत्तरपत्रिका प्रमाण मराठीतच लिहावयाची आहे. बोलीचे कौतुक करीत बसलो तर मुले मागे पडणार नाहीत काय? पडतील, जर बोलीपाशीच थांबलो तर. म्हणूनच फळ्यावर दोन्ही वाक्ये हवीत. बोलीतून प्रमाण मराठीकडे आणि तेथून इंग्रजीकडे मुलाला नेणे, हेच तर काम आहे. ज्या मुलाला आपले म्हणणे एका भाषेत पूर्ण मांडता येते, त्याला दुसऱ्या भाषेत केवळ शब्द शिकावे लागतात. ज्याला कोणत्याच भाषेत बोलू दिले नाही, त्याला शब्दही शिकावे लागतात आणि धीरही गोळा करावा लागतो. जिल्ह्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा पुष्कळ आहेत. त्याची काळजी योग्यच. पण इतक्या लहान वर्गात प्रत्येक मुलाला बोलण्याची पाळी मिळते, ही संधीही आहे.

धर्मादाय संस्था दर जूनमध्ये वह्या आणि गणवेश वाटतात. ते चालू राहावेच. त्याच खर्चाच्या जोडीला सचित्र पुस्तकांची एक पेटी देता येईल. पुस्तके निवडताना चित्र मोठे व मजकूर थोडा असावा, आणि काही पुस्तके मजकुराविनाच असावीत. सोबत कोऱ्या कागदांच्या शिवलेल्या वह्या द्याव्यात. आजीने सांगितलेली गजाल मुलाने त्यात चितारावी आणि खाली दोन्ही भाषांत लिहावी. वर्षातून एकदा पिंगुळीच्या कलावंतांना योग्य मानधन देऊन शाळेत बोलवावे.

पेटीला कुलूप मात्र नसावे. पुष्कळ शाळांत पुस्तके कपाटात जपली जातात, कारण फाटली तर हिशेब कोण देणार ही गुरुजींना धास्ती असते. व्यापारात मालाची घट धरतात, तशी पुस्तकांचीही धरावी आणि तसे पत्र पेटीसोबतच मुख्याध्यापकांना द्यावे. दिवाळीच्या सुटीनंतर आरोंद्याची पेटी तळवण्यास, तळवण्याची सातार्ड्यास, सातार्ड्याची आजगावास अशी फिरवली, तर थोड्या खर्चात प्रत्येक शाळेला नवी पुस्तके मिळतील. मुलांनी केलेल्या गजालींच्या वह्याही पेटीबरोबरच पुढच्या गावी जातील.