पत्त्यांची यादी

आपण संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहितों आणि क्षणार्धांत पान समोर उभें राहतें. मधल्या काळांत पलीकडे काय घडतें, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. आज तेंच सांगावयाचें आहे. उदाहरणादाखल मीं जँगो ही पायथन भाषेंतील चौकट घेतली आहे. व्यवसायांतील लोक अशा चौकटीस ‘वेब फ्रेमवर्क’ म्हणतात.

अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, लॉरेन्स गांवच्या एका वृत्तपत्राच्या कचेरींत २००३ सालीं तिचा जन्म झाला. ॲड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन हे तिचे पहिले कर्ते. जुलै २००५ मध्यें ती सर्वांस खुली झाली. वृत्तपत्रास सवड म्हणून ठाऊक नसते. त्यामुळें डेटाबेसशीं व्यवहार, सभासदांची ओळख पटविणें, संपादकास मजकूर भरण्याचीं पानें, हें सारें तिच्यांत आयतें मिळतें. चार पानांच्या कामास हा सरंजाम जड होतो, हेंही मान्य केलें पाहिजे. तेथें २०१० सालीं निघालेली फ्लास्क ही हलकी चौकट बरी.

परंतु जँगोचें मर्म आहे पत्त्यांच्या यादींत. आलेला पत्ता या यादींतील ओळींशीं वरून खालीं पडताळला जातो, आणि जी ओळ प्रथम जुळेल तिच्याकडे काम सोंपविलें जातें. खालीं याहून नेमकी ओळ आहे काय, हें पाहिलें जात नाहीं. एका ग्रंथालयाची सूची मीं बांधली, तेव्हां ‘पुस्तक’ या शब्दापुढें कोणतेंही नांव चालेल अशी ओळ वर लिहिली, आणि नवी नोंद करण्याची ‘पुस्तक, नवें’ ही ओळ तिच्या खालीं. झालें! ‘नवें’ या नांवाचें पुस्तक सांपडत नाहीं, असें उत्तर ग्रंथपालांस दिवसभर मिळत राहिलें. डिसेंबर २०१७ मधील २.० या आवृत्तीपूर्वीं अशा ओळी रेग्युलर एक्स्प्रेशनच्या दुर्बोध चिन्हांत लिहाव्या लागत. आतां येथें अंक यावा, येथें शब्द यावा, असें सरळ लिहितां येतें.

यादींतील प्रत्येक ओळीस नांव देतां येतें आणि पानांतील दुवे त्या नांवावरून तयार होतात, हा तिचा मोठा गुण. पत्ता एके ठिकाणीं बदलला कीं संकेतस्थळांतील असे सर्व दुवे आपोआप बदलतात. सूचीचे पत्ते मला ओबडधोबड वाटले, म्हणून मीं ते एका सायंकाळीं असेच बदलून टाकले. आंत सर्व सुरळीत चाललें होतें. कांहीं महिन्यांनीं एक विद्यार्थिनी भेटावयास आली. तिच्या छापील प्रबंधाच्या तळटिपांत आमचे जुने पत्ते होते, आणि परीक्षकांस त्यांपैकीं एकही उघडला नव्हता.

चौकटीस स्वतःच्या घरांतले दुवे ठाऊक असतात, कागदावर छापलेले नव्हेत. किंबहुना आंतले दुवे इतक्या सहज सुधारतात, म्हणूनच बाहेरचें नुकसान कर्त्याच्या दृष्टीस पडत नाहीं. जुनी ओळ न पुसतां ती नव्या पत्त्याकडे कायमची वळविण्याची सोय जँगोमध्यें आहे. ती करावयास मला अर्धा तास लागला. परीक्षकांचा अभिप्राय मात्र त्यापूर्वींच विद्यापीठाकडे गेला होता.