कॅल्शियमची गोळी विचारूनच
ताईंनो, गुडघे दुखले की दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणायच्या आणि वर्षभर खायच्या. मीसुद्धा आईला अशाच आणून दिल्या होत्या. गोळीने रक्तातलं कॅल्शियम एकदम वाढतं, जेवणातलं हळूहळू मुरतं. 2010 साली न्यूझीलंडच्या संशोधकांना सुमारे 12,000 जणांच्या माहितीत गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके जवळपास 30 टक्के जास्त दिसले. रक्तवाहिन्या कडक होत असाव्यात, अशी शंका आहे. काही अभ्यासांत मात्र असा धोका दिसला नाही.

मग करायचं काय? नाचणी, तीळ, ताक रोज खा. गरोदर आणि बाळंतीण ताईंनी दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या अजिबात थांबवायच्या नाहीत. बाकीच्यांनी घरातलं पाकीट आधी डॉक्टरांना दाखवा. आईचं मी दाखवून आले. आता तुमची पाळी!