मशाल पेटवण्याआधी मोहोळ ओळखा

(प्रभागसंघाच्या सभेत क्षेत्र समन्वयक यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गटांच्या बैठकांना फिरताना बचत, हप्ते, बँकेची कामं यांच्या जोडीला एक प्रश्न सारखा कानावर येतो आहे. "मॅडम, अंगणवाडीला मोहोळ बसलं, काय करावं?" कुठे शाळेच्या छज्जाला, कुठे पाण्याच्या टाकीखाली, कुठे समाजमंदिराच्या भिंतीत. आणि उत्तर बहुतेक गावात आधीच ठरलेलं असतं. रात्री मशाल लावू, नाहीतर फवारणीचा पंप आणू. ठरवणारे चार माणसं असतात, आणि दुसऱ्या दिवशी लेकरं घेऊन त्याच छपराखाली जाणारी आपली सेविकाताई असते. तिला कोणी विचारत नाही. म्हणून आज मी यावरच बोलणार आहे.

पहिली गोष्ट, माशी कोणती ते बघा. लांबूनच बघा. आग्या माशी मोठी असते, आणि तिचं एकच मोठं पोळं उघड्यावर लटकतं. उंच झाड, टाकी, पूल, मोठ्या इमारतीचा छज्जा, ही तिची जागा. सातेरी माशी लहान. तिला अंधार लागतो. झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतली पोकळी, पडून राहिलेला रांजण, अशा ठिकाणी ती आत एकाला एक लागून पाच-सात पोळी बांधते. बाहेरून फक्त भोकातून ये-जा दिसते. फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं झुडपात असतं, ती गरीब. आणि डासाएवढ्या काळ्या माश्या भिंतीच्या फटीतून येत-जात असतील, तोंडाशी डिंकाची बारीक नळी असेल, तर त्यांना नांगीच नाही. त्यांना कृपा करून सुखानं राहू द्या.

आता कधी कधी फांदीला नुसता माश्यांचा घोस लटकलेला दिसतो. आत पोळं नाही, मेण नाही. लोक घाबरून धावाधाव करतात. पण ते मोहोळ नव्हेच, तो प्रवासाला निघालेला थवा आहे. जुनं घर माश्यांनी भरलं की म्हातारी राणी बऱ्याचशा माश्या घेऊन बाहेर पडते, घर लेकीला सोडते. (सासूनं घर सोडून सुनेला दिल्याचं मी अजून आपल्याकडे पाहिलं नाही, पण ते असो.) वाटेत हा थवा विसावतो आणि काही माश्या नवीन जागा शोधायला जातात. पोटात मध भरलेला, राखायला पिल्लं नाहीत, म्हणून न छेडता त्या सहसा चावत नाहीत. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उडून जातात. लेकरांना लांब ठेवा, एवढंच काम.

आग्याचं मात्र वेगळं. ती पेटीत राहत नाही, कितीही प्रयत्न करा. पण ती एका जागी बारा महिनेही राहत नाही. फुलोरा आला की येते, पावसाळ्याच्या आधी निघून जाते, आणि पुढच्या वर्षी बऱ्याचदा त्याच झाडावर, त्याच टाकीवर परत येते. म्हणून उंचावर असलेलं आग्या मोहोळ काढायची घाई नको. खाली दोरी बांधा, अंगणवाडी तेवढे दिवस दुसऱ्या घरात भरवा, जवळ चूल, फटाके, डीजे, दगड काहीही नको. माश्या गेल्या की छज्जावरचं मेण खरवडून काढा आणि जागा चुन्यानं रंगवा. मेणाचा वास राहिला तर तो पुढच्या थव्याला बोलावणं धाडतो. अगदी दारातच बसलं असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर ग्रामपंचायतीमार्फत वन विभागाला कळवा आणि पूर्ण पोशाख असलेला, शिकलेला माणूस आणा. हे काम गटानं हजार-पाचशेसाठी अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशालीनं काय होतं ते सांगते. माश्या जळतात, पिल्लं जळतात, आणि उरलेल्या चवताळून दुसऱ्या दिवशी जो दिसेल त्याला धरतात. मध काढताना अख्खं पोळं कापून हातानं पिळलं की पिल्लांचा रस मधात उतरतो, तो मध लवकर आंबतो आणि व्यापारी भाव पाडतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात लोकांनी अभ्यास गटात बसून मधमाश्यांचा विचार केला आणि माश्या न मारता मध काढायचं ठरवलं. वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानंही आग्या माशीचा मध असाच काढायचं शिक्षण दिलं आहे. त्यात अंगभर पोशाख, जाळीची टोपी, थोडा धूर, आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा. पिल्लांचा भाग फांदीवर तसाच राहतो. माश्या परत तिथंच मध भरतात, आणि त्याच मोहोळातून त्याच हंगामात पुन्हा मध मिळतो. हेच मेंढा-लेखा २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत मध आणि मेण दोन्ही नावानिशी आहेत. म्हणजे मोहोळाचं काय करायचं हा चार माणसांचा नाही, ग्रामसभेचा विषय आहे. तिथं आपण बसतो, तर तिथं बोलूही या.

फवारणीबद्दल दोन वाक्यं. भिंतीतल्या सातेरीवर औषध मारलं तर माश्या मरतात, पण पोळी आतच राहतात. मग मेण-मध गळतो, मेलेल्या पिल्लांचा वास सुटतो, मुंग्या आणि उंदीर येतात, आणि दुसऱ्या मोहोळाच्या माश्या तो विषारी मध लुटून नेतात. फवारलेल्या पोळ्याचा मध कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका आणि गटाच्या नावानं तर मुळीच विकू नका.

खरा फायदा आपला या सातेरीत आहे. ज्या भिंतीतून तिला काढायचं, त्याच भिंतीतून ती पेटीत जाते. काम दिवस कलताना करायचं. अंगभर कपडे, जाळीची टोपी, हातमोजे. भोकापाशी हलका धूर द्यायचा. धुरानं माश्या मध पिऊन जड होतात आणि धोक्याचा वास एकमेकींना पोचत नाही. मग भिंत हळू उघडून एक-एक पोळं कापायचं. पिल्लांची पोळी पेटीच्या चौकटीत बसवून केळीच्या सोपटानं किंवा सुती दोऱ्यानं बांधायची. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, उलटं बांधलं तर पिल्लं मरतात. मधाची पोळी वेगळ्या भांड्यात. सगळा जीव राणीत आहे. ती लांबट असते, सापडली की अलगद पेटीत ठेवायची आणि पेटीच्या दाराला काही दिवस तिला अडवेल अशी जाळी लावायची. कामकरी माश्या त्यातून जातात-येतात, राणीला जाता येत नाही. राणी आत गेली की बाकीच्या रांगेनं आपोआप जातात, हे बघण्यासारखं असतं.

पेटी अंधार पडेपर्यंत तिथंच राहू द्या, म्हणजे शेतातून येणाऱ्या माश्याही आत जातील. मग दार बंद करून रात्रीच हलवा, निदान दोन-तीन किलोमीटर लांब. जवळ ठेवली तर त्या जुन्या भिंतीकडे परत जातात. पेटी सावलीत, स्टँडवर, पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या घर लुटतील. पहिले काही दिवस साखर-पाण्याचा पाक द्या. आणि रिकामं भोक त्याच आठवड्यात सिमेंटनं बुजवा.

पण हे ऐकून घरी जाऊन भिंत फोडू नका बरं का. आधी शिकलेल्या माणसासोबत दोन-तीनदा करा. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे. त्यात प्रशिक्षण मिळतं, पेट्या आणि साहित्याला ५० टक्के अनुदान असतं, उरलेले ५० टक्के आपले. अर्ज जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. याच मंडळानं २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे मधाचं गाव केलं. तिथं जांभूळ-हिरड्याचं जंगल आहे, तर आपल्याकडे मोह, जांभूळ, करंज, साजा काय कमी आहे? फक्त पहिल्याच वर्षी मोठ्या कमाईचा हिशेब मांडू नका. गटानं दोन-चार पेट्यांनी सुरुवात केली तर कर्जाचा बोजा होणार नाही.

आता हल्ला झाला तर. मोहफुलं वेचायला आपण पहाटेच जातो, आणि वर मोहोळ आहे हे उजाडल्यावर कळतं. माश्या उठल्या की हात झाडू नका. पदरानं तोंड-डोकं झाका आणि पळा, थांबू नका, घरात किंवा गाडीत शिरून दार लावा. दाट झुडूपही चालेल. तळ्यात उडी नको, त्या वर घिरट्या घालत राहतात. आधी लेकराला झाका. काटे अंगात राहतात आणि विष सोडत राहतात, म्हणून नखानं पटापट काढा. कसे काढले यापेक्षा लवकर काढले हे महत्त्वाचं. श्वास अडकला, ओठ-चेहरा सुजला, चक्कर किंवा उलटी आली तर लगेच १०८. खूप डंख असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा, विषाचा परिणाम किडनीवर नंतरही होतो.

जाता जाता आणखी एक. घरचा शुद्ध मध असला तरी एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नका. आजीबाई रागावल्या तर आशाताईंचं नाव सांगा.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटानं एक कागद आणायचा. गावात सातेरी कुठल्या भिंतीत, कुठल्या ढोलीत आहे, आणि आग्या कुठल्या टाकीवर, कुठल्या झाडावर बसतो, ते लिहून. ज्यांना पेटीचं शिकायचं आहे त्यांची नावंही त्याच कागदावर खाली लिहा. प्रशिक्षणाच्या अर्जाला ती लागतील.