परसातले लहानसे रान

(मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या भाषणावरून)



शेतीशास्त्रावर बोलण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. मी बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात तीस वर्षे घालविलेला मनुष्य. दर चार वर्षांनी बदली ठरलेली. तेव्हा झाड लावायचे ते कोणासाठी, असे म्हणून प्रत्येक गावी मी कुंडीतल्या झेंडूवर समाधान मानीत आलो. आपल्यापैकी अनेकांची हीच कथा असेल. २०१७ साली भुवनेश्वरात आलो, तेव्हा क्वार्टरच्या मागील दारी कढीलिंबाचे एक झाड उभे होते. ते कोणी लावले, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. त्या अनाम रहिवाशाच्या झाडाचा पाला रोज फोडणीत पडू लागला आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले.

आज मी ज्या बागेविषयी बोलणार आहे, तिची कल्पना रानावरून घेतलेली आहे. रानात उंच वृक्षाखाली लहान झाड, त्याखाली झुडूप, मग पालेभाज्या, जमिनीलगत पसरणारी रोपे, मातीत कंद आणि या सर्वांवर चढणारा वेल, असे मजले असतात. इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यात रॉबर्ट हार्ट या गृहस्थांनी पाच गुंठ्यांहूनही कमी जागेत असे सात मजल्यांचे खाद्य रान उभे केले. त्यांना स्फूर्ती मिळाली होती ती केरळातील घरांभोवतीच्या बागांपासून. आम्हां कोकणवासीयांना तर यात नवल वाटू नये. नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, खाली केळ, अळू आणि हळद, हे आमचे आगरच होय.

भुवनेश्वरात खणावयास लागलो आणि कुदळीला जांभा लागला! क्षणभर गावी असल्याचा भास झाला. जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही आणि कसही कमी असतो. म्हणून पहिले वर्ष मी झाडांना नव्हे, मातीला दिले. वाळलेला पाला जाळणे बंद केले आणि स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याबरोबर तो कुजविला. जमिनीवर पाल्याचे वीतभर आच्छादन घातले. त्याच वर्षी ऊन कोठे किती वेळ पडते, हेही पाहून ठेवले. आपणही आरंभ असाच करावा.

जागा वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद असेल, तर मोठी झाडे दोनच पुरेत. आंबा-फणसाचा मोह टाळावा. भिंतीशेजारी ते त्रासाचे ठरतात. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडाशी लावली की साधारण वर्षभरात शेंगा दिसू लागतात. पपईच्या मुळाशी पाणी साचले तर ती कुजते. म्हणून ती उंचवट्यावर लावावी. एका जागी तीन रोपे लावून फुले आल्यावर मादी झाड ठेवावे, मात्र परागासाठी बागेत एखादे नर झाड राहू द्यावे. केळीला पिल्ले फार फुटतात; आई, लेक आणि नात एवढीच ठेवून बाकीची काढावीत. त्यांच्या विरळ सावलीत हळद, आले, सुरण, अळू सुखाने वाढतात. कुंपणावर मायाळू सोडावा, ओल असेल तेथे पुदिना. माझी पहिली चूक दाटीची होती. रोपे लहान असताना जागा रिकामी वाटते, म्हणून मी दुप्पट लावली आणि दुसऱ्या पावसाळ्यात निम्मी उपटली.

३ मे २०१९ रोजी फनी चक्रीवादळ आले. शहरात असंख्य झाडे आडवी झाली. माझा शेवगा मोडला, पपया मुळासकट पडल्या, केळींचा चिखल झाला. त्या संध्याकाळी मी पत्नीला म्हणालो, “संपले सगळे.” पण जूनचा पाऊस पडला आणि मातीतल्या हळदीने, अळूने माना वर काढल्या; केळीच्या गड्ड्यांतून नवे कोंब आले; शेवग्याचे खोडही फुटले. मजल्यांच्या बागेचे खरे मर्म मला तेव्हा उमगले. वरचा मजला गेला, तरी तळमजला घर सांभाळतो. तेव्हापासून शेंगांचा हंगाम संपताच शेवगा छातीइतक्या उंचीवर छाटतो.

वादळानंतर वीज नसताना शेजारच्या उडिया माउशींशी खरी ओळख झाली. अळूला त्या ‘सारू’ म्हणतात, पपईला ‘अमृतभंडा’. आमच्याकडून अळूवड्या जातात, त्यांच्याकडून उडदाची बडी येते. इतक्या बदल्यांत शेजार पुष्कळ लाभले. पण कुंपणावरून देण्याजोगे काही माझ्यापाशी प्रथमच होते.

लवकरच निवृत्त होऊन मी हे क्वार्टर सोडीन. ताबा देताना पंखे, नळ, दिवे यांची यादी होते. झाडांसाठी तीत रकाना नाही. हिशेबखात्यातल्या माणसाला ते प्रथम खटकले. आता वाटते, तेच योग्य आहे. कढीलिंब मला असाच बिनपावतीचा मिळाला होता. आपणांस एवढीच विनंती, की बदलीचा हुकूम येईल तेव्हा येवो. येत्या पावसाळ्यात एक फांदी, एक कंद मातीत घालावा. फळ कोणीतरी खाईलच.