१ मे: आपल्या दाराशी आलेली तारीख



पडद्यामागे नाटकातली मुलं मेकअप करून ताटकळली आहेत, याची मला कल्पना आहे. म्हणून एकाच तारखेबद्दल बोलतो. १ मे. मुलांनो, तुमच्या लेखी सकाळी झेंडावंदन, मग वर्गात निकाल आणि दुपारपासून सुट्टी.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा, या मागणीसाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ मुंबईतल्या फ्लोरा फाउंटनच्या जागेला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो. बेळगाव, कारवार बाहेरच राहिले, ती सल अजून आहे. राज्यात तेव्हा २६ जिल्हे होते. त्यांत सिंधुदुर्ग नव्हता.

दोन वर्षांनी, १ मे १९६२ ला, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वसंतराव नाईक समितीने ही रचना सुचवली होती. गावची शाळा, दवाखाना, रस्ता यांचा निर्णय लोकांनी निवडून दिलेली जिल्ह्यातली माणसं घेऊ लागली. तुमच्यातले कितीतरी जण पहिलीला ज्या शाळेत गेले, तिच्या पाटीवरचं ‘जि. प.’ तिथून आलं. राज्य मिळालं हे मोठंच. पण ते वाडीवस्तीपर्यंत पोहोचलं ते या दुसऱ्या १ मेमुळे, असं मी मानतो.

आणि १ मे १९८१. रत्नागिरीतून आपला सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याच दिवशी तिकडे मराठवाड्यात जालना जिल्हा झाला. घरातल्या आजी-आजोबांचा शाळेचा दाखला काढून पाहा, त्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असेल. सावंतवाडीच्या माणसाला कलेक्टर कचेरीत एका कागदासाठी दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास करावा लागे. एसटीने जायचं, साहेब दौऱ्यावर असले तर मुक्काम करायचा, मजुरी बुडवायची. ओरोसला मुख्यालय आलं आणि तीच कचेरी पुष्कळ जवळ आली. पुढे १९९९ च्या १ मेला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला.

या साऱ्या १ मेंना कारभार माणसाच्या जवळ सरकत गेला. पण जवळ आलेल्या कारभारात जाऊन बसणारी माणसंही हवीत. आपल्याकडे १ मेला गावोगाव ग्रामसभा भरते. कितीदा ती गणपूर्तीअभावी तहकूब होते! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलांनो, तुम्हाला अजून मत नाही, पण कान आहेत. येत्या १ मेला निकाल हातात पडला की आई-बाबांना, आजीला घेऊन ग्रामसभेला जा. वाचनालय, पाणी, शाळेची गळकी कौलं, जे खुपतं ते त्यांना विचारायला सांगा. आणि पालकहो, मुलांनी हट्ट धरला तर त्यांना नाही म्हणू नका.