एका गोळ्याचे दोन धनी

कन्हानच्या खोऱ्यातील रामाकोन्याहून समुद्र कितीतरी दूर. परंतु श्रोतेहो, जुन्या युद्धनौकेचा शोध घेणाऱ्याचे मुख्य काम पाण्याशी नसून कागदांशी असते. ‘बेंगाल’चेच उदाहरण घ्यावे.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी शाही हिंदी नौदलाची ही सुरुंग काढणारी चिमुकली नौका ‘ऑन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या रक्षणार्थ हिंदी महासागरातून चालली होती. दोन बलाढ्य जपानी जहाजांनी त्यांना गाठले. ‘बेंगाल’वर मुख्य तोफ अवघी बारा-पौंडी, तरीही कप्तान विल्सन यांनी नौका सरळ शत्रूवर घातली. थोड्याच वेळात ‘होकोकू मारू’वर प्रचंड स्फोट झाला आणि ती बुडाली.

तो गोळा कोणाचा? दोन्ही जहाजांनी श्रेय आपले म्हटले. ‘ऑन्डिना’ची तोफ चार इंची, अधिक भारी, म्हणून काहींचा कौल तिच्याकडे झुकतो. पण साक्षी तरी किती पक्क्या? ‘ऑन्डिना’ बुडाली अशा समजुतीने ‘बेंगाल’ दिएगो गार्सियाला पोहोचली. आणि ती तर, आपला कप्तान गमावूनही, फ्रीमँटल बंदराला लागली! तेव्हा एकाच नौकेच्या वृत्तांतावर विसंबणे बरे नव्हे.

या वादात तोफ चालविणारे हात मात्र मागे पडतात. विल्सन यांचे नाव सर्वत्र आढळते. हिंदी खलाशांची नावे हुडकावी लागतात, पदकांच्या याद्यांतून, हजेरीपटांतून. रत्नागिरी जिल्ह्यातून नौदलात पिढ्यान्‌पिढ्या भरती होत असे. तिकडच्या एखाद्या घरातील पेटीत जपलेले सेवापुस्तकही येथे मोलाचे ठरेल.