रूळ दारात, माल रस्त्यावर



कापसाच्या हंगामात आदिलाबादेत जे दिसते ते आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. जिनिंगमधून निघालेल्या गाठी मालट्रकांवर चढतात आणि 44 क्रमांकाच्या महामार्गाने नागपूरकडे वा हैदराबादकडे जातात. रेल्वे स्थानक मात्र याच गावात उभे आहे! तेथून एक मार्ग किनवटवरून मुदखेडला जातो, दुसरा पिंपळखुटी व वणीवरून माजरीस. 1956 साली किनवट तालुका या जिल्ह्यातून निघून नांदेडास जोडला गेला. सीमा बदलली, रूळ मात्र तुटले नाहीत.

लोखंडी रुळावर लोखंडी चाकास घर्षण अत्यल्प, म्हणून तेवढ्याच ओझ्यास इंधन कमी लागते. बेचाळीस बंद वाघिणींची एक मालगाडी धान्यासारखा जड माल सुमारे अडीच हजार टन नेते. त्यासाठी वीसटनी ट्रक सव्वाशे लागतील.

मग व्यापारी ट्रककडे का वळतो? त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. ट्रक जिनिंगच्या दारात येतो आणि गिरणीच्या दारात माल उतरवतो. रेल्वेने पाठवावयाचे तर मालधक्क्यापर्यंत एकदा व तेथून पुढे दुसऱ्यांदा हमाली द्यावी लागते. शिवाय रेल्वेस अख्खी गाडी भरून हवी. लहान व्यापाऱ्याने ती कशी भरावी? हैदराबादेस जावयाचे तर मुदखेड व निजामाबादचा वळसा! निर्मल–आरमूरवरून थेट मार्गाची मागणी जुनी आहे, ती अद्याप पूर्ण झालेली नाही.

हे सुटण्यासारखे नाही काय? 2020 साली देवळालीहून दानापूरला किसान रेल निघाली, तेव्हा शेतकऱ्यांच्या लहान खेपाही घेतल्या गेल्या. जे डाळिंबास शक्य झाले ते सरकीस व डाळीस का होऊ नये?

म्हणून आम्ही दोन गोष्टी मागतो. रेल्वेने आदिलाबाद व किनवट येथे छप्पर असलेला मालधक्का, वखार आणि सुट्या वाघिणींची सोय द्यावी. व्यापारी व शेतकरी संघांनी आपापला माल एकत्र करून गाडी भरण्याचे अंगावर घ्यावे. भाड्याचा बोजा अखेर कापूस पिकविणाऱ्याच्या भावातूनच कापला जातो, याचा विसर कोणासच पडू नये. नुसत्या ठरावांनी वाघिणी हलत नाहीत. त्या भरल्या म्हणजेच हलतात.